रिमला लावलेले तेल

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, उंच दांडीची सायकल आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकांतल्या बोलणाऱ्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. झिजलेला बूट कृतज्ञ असतो, मोडकी खुर्ची आशीर्वाद देते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी पुष्कळ पावसाळे माणसांच्या बुडाखाली काढले आहेत, आणि या प्राण्याला जवळून पाहिल्यावर गोड बोलणे अवघड जाते.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या कापल्या, जोडल्या, त्यांवर काळा रंग भाजला आणि मला दुकानाच्या काचेमागे उभे केले. येणारे-जाणारे माझ्या चकाकीचे कौतुक करत. घंटी वाजवून बघत. ब्रेक कसे लागतात हे मात्र एकानेही विचारले नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

माझे पहिले मालक टायपिंगचा क्लास चालवत. पावसात एका हाताने छत्री धरून सायकल चालवणे ही एक कला आहे, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. वारा आला की छत्री उलटी होई. छत्रीमागोमाग ते जात आणि त्यांच्यामागोमाग मी. गटारातून वर आल्यावर ते पहिली लाथ मला घालत. वाऱ्याला लाथ घालता येत नाही, एवढे व्यावहारिक ज्ञान त्यांना होते.

दुसरे मालक शिंपी होते. डबके दिसले की ते दोन्ही पाय वर उचलत, कारण पँट भिजता कामा नये. डबक्याच्या तळाशी काय आहे, याची चौकशी माझ्या पुढच्या चाकाने करायची. एकदा तळच नव्हता. माझे चाक वाकडे झाले आणि पँट गळ्यापर्यंत भिजली. मग त्यांनी मला विकले, आणि मी साहेबांच्या घरी आले.

साहेब विमा कचेरीत होते. अपघात झालेल्या लोकांचे दावे तपासायचे, हे त्यांचे काम. जिन्यावरून पडलेला माणूस जिन्यावरून पडला नसून स्वतःच्या निष्काळजीपणावरून पडला, हे ते इतके सुरेख सिद्ध करत की पडणाऱ्यालाही शेवटी पटे. वर्षभर मी त्यांना कचेरीत नेले. पुढे बढती झाली, कचेरीची गाडी न्यायला येऊ लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या हँडलवर ओल्या छत्र्या लटकू लागल्या. कॅरिअरवर कांद्यांचे पोते आले. मित्रांनो, ज्याने आयुष्यभर ओझे वाहिले त्याला म्हातारपणी विश्रांती देतात, असे तुम्हाला शिकवतात. देत नाहीत. फक्त ओझे बदलतात.

साहेबांना एकच मुलगी होती. घोड्यासारखी वाढली तरी घरात तिला छोटी म्हणत. एके दिवशी छोटीला नदीपलीकडच्या कारखान्यात नोकरी लागली. चष्म्याच्या काचा घासण्याचा कारखाना. कामाची पाळी भल्या पहाटे सुरू व्हायची आणि त्या वेळी तिकडे एकही बस जात नव्हती. छोटीने मला जिन्याखालून ओढून काढले.

"सायकलवरून?" साहेब म्हणाले. "या पावसात?"

"पावसात सायकल विरघळत नाही, बाबा."

"पुलाआधीचा उतार बघितलायस? तिथले किती दावे माझ्या टेबलावर आलेत, माहितीये? आणि गरज काय? आमच्या कचेरीत जागा सांगून ठेवलीय तुझ्यासाठी. माझ्या समोरचंच टेबल."

"म्हणूनच नको," छोटी म्हणाली.

आई लसूण सोलत होती. ती म्हणाली, "घरात समोर बसून झालं की तुमचं. आता बाहेरही तेच?"

शेवटी साहेबांनी परीक्षा ठरवली. शनिवारी भर पावसात छोटीने कारखान्यापर्यंत जाऊन धडधाकट परत यायचे. आली, तर सोमवारपासून कारखाना. नाही आली, तर समोरचे टेबल. आपण किती न्यायी आहोत, या विचाराने ते त्या दिवशी एक पोळी जास्त जेवले.

साहेब न्यायी होते, त्याहून काळजीवाहू होते. शुक्रवारी संध्याकाळी ते तेलाची बाटली, ब्रश आणि जुने बनियन घेऊन माझ्यापुढे बसले. चेनला तेल दिले, ते योग्यच होते. पेडलना दिले, चालण्यासारखे होते. मग त्यांनी माझ्या चाकाकडे पाहिले.

"अहो, सायकल आहे ती, केस नाहीत," आई म्हणाली.

"गंज कुठून सुरू होतो? पाणी लागतं तिथून. पाणी सगळ्यात जास्त कुठे लागतं? रिमला." आणि त्यांनी दोन्ही रिमना आतून-बाहेरून, कुठे कोपरा सुटू नये अशा मायेने तेल चोपडले.

मित्रांनो, माझे ब्रेक साधे आहेत. दोन रबरी गुटके रिमला आवळून धरतात आणि चाक थांबते. रिम तेलकट असेल तर गुटके नुसते कुरवाळतात. तर्क निर्दोष होता. सुशिक्षित माणसाचा तर्क निर्दोषच असतो. तो फक्त चाकाला लागू होत नाही.

शनिवारी धो धो पाऊस होता. छोटी निघाली. डोळे पुढच्या रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर, छत्रीबित्रीचे नाटक नाही. डबक्यांना ती वळसा घालत होती. माझ्या सबंध कारकिर्दीत इतकी शहाणी स्वार मला मिळाली नव्हती, आणि तिला मी मिळाले होते ती अशी, तेलात घोळलेली. उताराच्या माथ्यावरच तिने ब्रेक दाबले. काही झाले नाही. आणखी जोरात दाबले. मी ओरडूही शकले नाही, कारण ओरडायलाही घर्षण लागते. समोर पुलाचा कठडा वाढत वाढत येत होता. छोटीने पाय जमिनीला घासले, चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा तिने मला रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत वळवले आणि आम्ही दोघी शेणखताच्या ढिगात शिरलो.

ढिगातून ती कोपर सोलून, एका पायात चप्पल घालून बाहेर आली. मला उचलले. मी लाथेची वाट पाहत होते. तिने मला कारखान्याच्या फाटकापर्यंत हाताने ढकलत नेले, फाटकाला हात लावला आणि तशीच ढकलत परत आणली.

साहेब दारात उभे होते. तिच्या कोपराकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. मग कचेरीने त्यांना सावरले.

"वेग किती होता?"

"उतारावर होतो तेवढा."

"ब्रेक कधी दाबलास?"

"माथ्यावरच. दोन्ही."

"मग थांबली का नाहीस?"

"ते हिला विचारा," छोटी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"चालकाचा अंदाज चुकला," साहेबांनी निकाल दिला. "होतं असं. सोमवारी माझ्याबरोबर चल."

छोटी हात धुवायला गेली. चिखल निघाला, पण मला उचलताना चाक धरलेल्या हातावर पाणी थेंब थेंब होऊन घरंगळत होते. तिने तळहात हुंगला. गरम पाणी आणले, साबण आणला आणि दारातच माझ्या रिम घासायला बसली. फेस काळा निघाला. साहेब बघत होते. जन्मभर दुसऱ्यांचे अपघात वाचलेला माणूस. त्याला एवढे वाचता आले नसते तर नवल.

"तरी त्या उताराला म्युनिसिपालिटीने कठडा घालायला हवा," ते म्हणाले.

"बाबा, हा दावा तुमच्या टेबलावर आला असता तर काय म्हणाला असता?"

साहेबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "तत्त्वतः," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "जबाबदारी देखभाल करणाऱ्यावर येते."

"आणि भरपाई?"

त्यांनी तिसऱ्यांदा चष्मा काढला, तेव्हा आई आतून म्हणाली, "अहो, द्या की. तुमच्या खिशातलं जात नाहीये काही."

"सोमवारी लवकर नीघ," साहेब म्हणाले. "उताराआधी उतरून चालत जा."

"बघू," छोटी म्हणाली.

सोमवारी ती उतरली नाही. माथ्यावर तिने ब्रेक दाबले. मी अशी किंचाळले की रोपवाटिकेतला माळी दचकून बाजूला झाला, आणि पुलाच्या अलीकडे जागच्या जागी उभी राहिले. तिने कठड्यावरून नदीकडे पाहिले, पेडल मारले आणि कामावर गेली.

आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला सांगायला हवे की मित्रांनो, आमची काळजी घ्या. माझे म्हणणे आहे, जरा कमीच घ्या. आणि अगदी राहवतच नसेल, तर तेलाची बाटली उघडण्याआधी ज्याची काळजी घेताय त्याला विचारा. मला तोंड नाही, मान्य आहे. मुलींना असते.