सोनाबाई कुठून पडल्या

भिवपुरीजवळच्या गावात राहणाऱ्या सोनाबाईंचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं, "उंबऱ्याला अडखळले." कर्जतच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली. सुनेनं, नम्रतानं, गेल्याच वर्षी सासू-सासऱ्यांचा विमा उतरवला होता, म्हणून ती निर्धास्त होती.

पण कंपनीनं क्लेम नाकारला. नम्रतानं फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीनं समजावलं, "मॅडम, हॉस्पिटलनं कागदांवर टाकलेला आजाराचा कोड वयामुळे हाडं ठिसूळ होऊन झालेल्या फ्रॅक्चरचा आहे. त्याला तुमच्या पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतं. अपघाताला थांबावं लागत नाही."

जेवताना नम्रतानं हे घरात सांगितलं. धाकलूबाबा बायकोला भरवत होते. घास हातातच राहिला.

"ठिसूळ? हिची हाडं? सोने, तू सांगतेस का मी सांगू?"

"तुमी गप बसा."

"ही उंबऱ्यावर नाय पडली गं नम्रता. आंब्यावरनं पडली."

"आई, या वयात झाडावर?" नम्रतानं विचारलं.

"ह्यांना लोणचं पायजे व्हतं," सोनाबाई पुटपुटल्या. "स्वतः चढायला निघाले. गुडघे धड हायेत का ह्यांचे? मग मीच चढले."

"मी खाली उभा व्हतो," धाकलूबाबा म्हणाले. "कैऱ्या झेलल्या. हिला नाय झेलता आलं."

"आई, खोटं सांगायला लागावं इतकी मी ओरडते का हो?"

"ओरडत नायस गं. पण काळजी करतेस. तुझं तोंड इतकुसं व्हतं, ते मला बघवत नाय."

नम्रतानं डोळे पुसले आणि उरलेला भात स्वतः भरवला.

दुसऱ्या दिवशी सगळे हॉस्पिटलात गेले. सोनाबाईंना उचलायला धावलेली शेजारची शकूही आली. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "आजी, म्हाताऱ्या माणसाचं उभ्या उभ्या पडून हाड मोडलं, की आम्ही हाडं ठिसूळ धरतो. तुम्हीच तसं सांगितलंत." त्यांनी एक्स-रे पुन्हा पाहिला, हाडांची तपासणीही करून घेतली. हाडं वयाच्या मानानं चांगली निघाली.

"आता अपघाताचा कोड टाकतो. झाडावरून पडण्याला वेगळा कोड आहे."

सोनाबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे माझ्यासारख्या आणिक हायेत!"

डॉक्टरांना हसू आवरेना. त्यांनी कंपनीला दुरुस्तीचं पत्रही दिलं.

क्लेम मंजूर झाला तेव्हा नम्रता कामावर होती. तिनं लगेच घरी फोन लावला. सोनाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू जेवलीस का गं?"