लालबागचा पहिला नंबर

गुणाजी परबांनी आयुष्यात दोन कामं मन लावून केली. गिरणीत माग चालवले आणि मंडळाला सजावटीची बक्षिसं मिळवून दिली. पुढे गिरणी बंद पडली, मंडळ नव्या पोरांच्या हातात गेलं आणि दोन वर्षांपूर्वी बायको, लक्ष्मी, गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता ते व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत जात. तिथे एका संस्थेचं मनाच्या आरोग्याचं केंद्र होतं. सुचित्राताई दहाबारा जणांना गोल बसवून बोलतं करत. आठवड्यात लक्ष्मीचं नाव गुणाजींच्या तोंडून निघायचं ते तेवढ्या तासाभरात. वेगळं राहणाऱ्या मुलाला मात्र त्यांनी कॅरम खेळायला जातो असं सांगून ठेवलं होतं. मुलानेही कधी हरलात की जिंकलात हे विचारलं नाही.

संस्थेची अशी चार केंद्रं होती: लालबाग, वरळी, कॉटन ग्रीन आणि शीव कोळीवाडा. यंदा त्यांचं मूल्यमापन निघालं. ते करणारी स्पृहा दादरची, वयाने लहान पण शिस्तीला मोठी. समितीत नुसते डॉक्टर नकोत, केंद्रावर येणारी माणसंही बसली पाहिजेत, हा तिचा हट्ट. लालबागकडून अर्थातच गुणाजी गेले. वरळीकडून आला रघुवीर. गिरणीत शेजारच्या मागावर होता, आणि त्याच्या मंडळाने एके वर्षी गुणाजींच्या तोंडचा घास पळवून सजावटीची ढाल नेली होती. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली, पण गुणाजी अशा बाबतीत घाई करणारे नव्हते.

स्पृहाने केंद्राकेंद्रांत कागद वाटले. पहिलाच प्रश्न: गेल्या चौदा दिवसांत किती दिवस मन उदास होतं? चार केंद्रं, सगळ्यांना सारखे प्रश्न आणि शेवटी निकाल, हे ऐकल्यावर गुणाजींच्या अंगात जुना कार्याध्यक्ष संचारला. सुचित्राताई खाली चहा सांगायला गेल्या तेवढ्यात त्यांनी सभा घेतली.

"वरळीवाले टपून बसलेत. लालबागचं नाव खाली जाता कामा नये. उदास किती दिवस? शून्य. झोप? चांगली. भूक? मस्त."

"पण भाऊजी, मला रोज रडू येतं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"ते पुढच्या शुक्रवारी. आज कागद."

कालिंदीबाईंनी डोळे पुसले आणि शून्य काढलं.

महिन्याभराने दादरला समितीची बैठक झाली. भिंतीवर निकालाच्या आलेखाचे चार रंगांचे खांब उमटले. लालबाग पहिला. गुणाजींनी रघुवीरकडे असं पाहिलं की ढालीचं सगळं उट्टं फिटलं. मग एक डॉक्टर शांतपणे म्हणाले, "लालबागची मंडळी उत्तम बरी झालेली दिसतात. तिथलं केंद्र बंद करू आणि सुचित्राताईंना वरळीला देऊ. तिथे गरज फार आहे."

वरळीने खरंखरं रडून मैदान मारलं होतं. गुणाजींपुढे पेच पडला. गप्प राहावं तर शुक्रवार जातो, बोलावं तर लालबागची अब्रू जाते आणि तीही रघुवीरच्या देखत. त्यांना कालिंदीबाईंनी डोळे पुसून काढलेलं ते शून्य आठवलं. स्वतःचीच लाज वाटली. ते उभे राहिले.

"मॅडम, हा निकाल खोटा आहे. मीच सगळ्यांना तसं लिहायला लावलं."

स्पृहाने पेन खाली ठेवलं. "काका, आणि तुमचा कागद?"

"तो सगळ्यात खोटा." गुणाजींनी टेबलाची कड धरली. "बाजारातून मी अजून दोघांपुरते बांगडे आणतो. दोन वर्षं झाली. तळतो. तिचे तिच्या ताटलीत काढून ठेवतो, आणि मग मांजरीला घालतो. मांजर गलेलठ्ठ झाली, मॅडम. मी बरा नाही झालो."

कोणी हसलं नाही. स्पृहा म्हणाली, निर्णय थांबवू. लालबागचे कागद पुन्हा भरून घेऊ, आणि या वेळी माणसांशी बसून बोलून. एक कोरा कागद तिने तिथल्या तिथे गुणाजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या प्रश्नापुढे आकडा लिहिला. मन हलकं झालं होतं, अगदी गाठोडं उतरवल्यासारखं.

रघुवीर मान लांब करून बघत होता. कागद बघता बघता त्याचेही डोळे भरले, पण वरळीचा माणूस तसा कबूल करणार नाही.

"चौदापैकी चौदा?" तो घसा खाकरत म्हणाला. "वरळीत कोण नवाच्या वर गेला नाय रे."

"मग?" गुणाजी डोळे पुसत म्हणाले. "लालबाग आहे."