खंडेनवमीला धुतलेली टाकी

हातात फडकं आलं की शेषेराव थांबायचाच नाही. लोह्याजवळच्या डिस्टिलरीत खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन पूजायची होती, म्हणून त्यानं सांडपाण्यावर प्रयोग करणाऱ्या ऋतुजा मॅडमची टाकीही रिकामी केली. आतला चिकट थर ब्लीचिंग पावडर टाकून खरवडला. टाकी लख्ख झाली. मॅनेजरसाहेबांनी स्वतः तिला हार घातला, वर शेषेरावाची पाठ थोपटली.

दसरा उरकून ऋतुजा विष्णुपुरीच्या कॉलेजातून आली, टाकीत डोकावली आणि मटकन खाली बसली.

"काका, आतला थर कुठंय?"

"घाण व्हती मॅडम, काढली की."

"घाण नव्हती ती. जिवंत जंतू होते. सांडपाण्यातला घाण वासाचा वायू खाऊन तेच त्याचं पिवळं गंधक करत होते. मीच तुम्हाला कधी सांगितलं नाही."

आपण काय धुऊन टाकलं ते शेषेरावाला आता कळलं. याच सांडपाण्यानं त्याच्या गावचा ओढा सडक्या अंड्यासारखा घाण मारायचा. त्याची बायको कोंडाबाई हिला त्या वासानं घास गिळवत नव्हता. आणि दिवाळीपर्यंत पिवळं गंधक दिसलं नाही, तर साहेब टाकी भंगारात काढणार होते.

बिचारा तडक साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "गलती माझी हाय सायब. मला काढा, टाकी ऱ्हाऊ द्या."

साहेबांना आपला हार आठवला असावा. "संक्रांतीपर्यंत बघू," ते पुटपुटले.

आता नवे जंतू आणायचे कुठून? "जिथं वास सगळ्यात जास्त, तिथल्या काळ्या गाळातून," ऋतुजा म्हणाली. ती जागा शेषेरावाला डोळे मिटूनही सापडली असती. तो ओढ्यात गुडघाभर उतरला.

"येडं लागलं का तुमाला?" कोंडाबाई काठावरून ओरडली. कारण ऐकलं तशी तीही साडी खोचून उतरली आणि नवऱ्याला शिव्या घालत बादल्या भरू लागली.

गाळ टाकीत पडला. हवा जास्त झाली तरी काम बिघडे, कमी झाली तरी; ऋतुजा सांगेल तसा शेषेराव हवेचा नळ फिरवी, आणि टाकीजवळ कुणी झाडू आणला तर वसकन अंगावर जाई. संक्रांतीच्या तोंडावर तळाशी पिवळा साका बसला. टाकी वाचली.

वाळवलेली चिमूटभर पूड त्यानं घरी आणून कोंडाबाईच्या तळहातावर ठेवली. तिनं भीतभीत हुंगली.

"ह्याला तर वासच न्हाई!"

"लहान टाकी हाय, म्हून एवढीशीच निघाली," तो ओशाळून म्हणाला.

"मंग सायबाला म्हणावं, मोठी बांधा," कोंडाबाई म्हणाली. "गाळ लागंल तेवढा मी काढून देते."