गेंद्याची हद्द

लातूर मागं पडलं की औसा रोडला डाव्या हाताला मडिवाळप्पांचा नवा बंगला लागतो. बाजारात त्यांचं लोखंडाचं दुकान आहे. सळई, पत्रा, खिळे, जाळी, सगळं मिळतं. दुकान आता मुलगा वीरेश बघतो. बंगलाही त्यानंच बांधला आणि समोरून कंपाऊंड घातलंच नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला हिरवळीसकट सगळा बंगला दिसला पाहिजे, अशी त्याची हौस.

गेंद्या जुन्या घरातला. दुकानामागच्या बोळात सापडलेलं हे कुत्र्याचं पिवळं पिल्लू मडिवाळप्पांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. गल्लीत तो शहाण्यासारखा राहायचा. इथं मोकळं रान दिसलं आणि तो मोटरसायकलींमागं धावायला लागला. एक दिवस रस्त्यापलीकडच्या श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याचं करडू त्यानं धरलं. श्रीमंत काठी घेऊनच दारात आला.

"माय, तुमच्याकडं बघून गप हाय. परत माझ्या शेतातल्या आखाड्यावर आलं तर कुत्रं वाचणार न्हाई."

नीलाबाई त्याच दिवशी मुलाला म्हणाल्या, "वीरेश, दुकानातली जाळी आण की रे. अँगल रोवले की झालं काम."

"अव्वा, तनुजाच्या साखरपुड्याला उदगीरचे पाहुणे येणार. दाराम्होरं कोंबड्याचं खुराडं करून ठिवू का?"

त्यानं मोबाइल काढून आईला दाखवलं. परदेशातलं कुत्रं हिरवळीवर पळत येतं आणि मध्येच, समोर काही नसताना, थांबतं. जमिनीत तार पुरलेली, घरात मशीन, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. तारेजवळ गेलं की आधी पट्टा वाजतो, तरी पुढं गेलं की झटका.

"म्हंजे रानडुकराला लावतेत ते झटका मशीनच की."

"तसलं न्हाई अव्वा. हे कुत्र्यासाठीच हाय. लई बारीक झटका असतोय."

"मग तू घाल की गळ्यात."

धाकटी बहीण तनुजा फिसकन हसली. वीरेश हसला नाही. नीलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मडिवाळप्पांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "त्यानं बांधलंय घर. त्याला ठरवू दे."

पुण्याहून माणूस येऊन तार पुरून गेला. तारेवर त्यानं पांढऱ्या झेंड्या रोवल्या आणि वीरेशला बजावलं, की झटका अगदी कमीवर ठेवा, कुत्र्याला साखळीला धरून झेंडीपर्यंत न्या, पट्टा वाजला की मागं ओढा, घाई करू नका. वीरेशला कुठला वेळ? साखरपुडा तोंडावर आला होता. त्यानं गेंद्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि झटक्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"अव्वा, तुझं ऐकतंय ते. तू झेंडीच्या पलीकडं उभी राहा अन् हाक मार. दोनदा बसला की शिकंल."

"मला न्हाई जमायचं."

"मग श्रीमंतच्या काठीनं मरू दे का?"

नीलाबाई पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. गेंद्या शेपूट उडवत आला. झेंडीपाशी तो असा केकाटला की नीलाबाईंनी कानावर हात ठेवले. वीरेशनं पुन्हा हाक मारायला लावली. गेंद्या पुन्हा आला, कारण बोलावणाऱ्या नीलाबाई होत्या. तिसऱ्या हाकेला तो जागचा हलला नाही.

"बघ, शिकला," वीरेश म्हणाला.

साखरपुड्याच्या दिवशी हिरवळीवर मांडव पडला. उदगीरकरांच्या गाड्या वळल्या आणि कुणीतरी फटाक्यांची लड लावली. जिन्याखाली बसलेला गेंद्या उधळला. माणसांच्या पायांतून तो सरळ तारेवरून गेला, हवेतच ओरडला आणि रस्ता ओलांडून श्रीमंतच्या तुरीत शिरला. नीलाबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. विहीणबाई समोर उभ्या होत्या.

मोकळ्या झाल्यावर त्यांनी पाहिलं. गेंद्या रस्त्याच्या अलीकडं आला होता. त्याला घरी यायचं होतं. दोन पावलं यायचा, पट्टा वाजायचा, की मागं सरायचा. पुन्हा यायचा.

नीलाबाईंनी पंगतीत वाढणाऱ्या वीरेशला गाठलं. "आधी मशीन बंद कर."

"पाहुणे ताटावर हायत अव्वा. कुठं जातंय कुत्रं?"

"अवो, तुमी तरी सांगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मडिवाळप्पांनी व्याह्यांकडं नजर टाकली आणि तोंडावर बोट ठेवलं.

नीलाबाई नेसल्या इरकलीनिशी, अनवाणीच तार ओलांडून गेल्या. पट्टा सोडावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. खाली बसून त्यांनी हात पुढं केला. "गेंद्या, ये बाळा."

ती हाक ऐकली मात्र, गेंद्याचे कान पडले. तो पोट जमिनीला टेकवून आडवा झाला आणि तिथंच मुतला. नीलाबाई एक पाऊल पुढं सरकल्या तसा तो पाठ फिरवून तुरीत पळाला. पाहुणे गेल्यावर वीरेशनं मशीन बंद केलं. तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं.

काही दिवसांनी श्रीमंत आला. या खेपेला त्याच्या हातात विळ्यानं कापलेला पट्टा होता.

"नरड्याला जखम झालीय, माय. हळद लावलीया. करडांपशी पडून असतंय, काय बी करत न्हाई. घिऊन जावा."

नीलाबाई लगोलग गेल्या. गेंद्यानं शेपूट हलवली, बांधावरून अंतर ठेवून त्यांच्या मागं मागं आला आणि रस्त्याच्या कडेला बसला. नंतर वीरेशनं तारसुद्धा उपटून काढली. तरी गेंद्या त्या कडेच्या पुढं कधी आला नाही.

तनुजाचं लग्न झालं. मग वीरेशनं लॅब्राडोरचं पिल्लू ठरवलं. ते घरी यायच्या आधीच दुकानातून जाळी आली, अँगल आले, आणि माणसांनी दिवस मावळायच्या आत बंगल्याला चौफेर जाळी ठोकली.

"महागाचं कुत्रं हाय, अव्वा," वीरेश म्हणाला. "असंच सोडलं तर कुणीबी उचलून न्हील."

नीलाबाईंनी फडक्यात भाकरी गुंडाळली आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या. श्रीमंत गोठा झाडत होता.

"आता तर जाळी झाली, माय. धरून आणू का? सोडतो तुमच्या दारात."

"नगं," नीलाबाई म्हणाल्या. "झटका मशीननं दिला, श्रीमंतराव. पर हाक माझी होती."

त्यांनी भाकरी कुस्करून दगडावर ठेवली आणि बाभळीपर्यंत मागं सरून उभ्या राहिल्या. त्या जवळ असल्या की गेंद्या खात नसे.