पदकातलं कबूतर

पेनत्रेल गावच्या चॅपलशेजारच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. रविवारी प्रार्थनेला न फिरकणारी माणसंही आज टाचा उंचावून उभी होती. टेबलामागे गावोगाव फिरून व्याधी बरी करतो म्हणणारा डेस्मंड फेअर्ली, आणि त्याच्या हातात वाटीसारखं खोलगट, पांढऱ्या दाण्यांनी काठोकाठ भरलेलं पितळी पदक. डोंगरातल्या पवित्र विहिरीचं म्हणे ते मीठ. त्यावर तो गरम हवेचं यंत्र धरी, दाणे वितळून काचेसारखे स्वच्छ होत आणि आत कबूतर प्रकट होई. कबूतर आलं की व्याधी गेली. श्रद्धेला मोल नसतं, असं सांगून तो चाळीस पौंड घेई.

एलुनेडला हे कबूतर पहिल्या दिवसापासून खटकत होतं. बावीस वर्षं ती याच हॉलमध्ये बायकांना शुभेच्छापत्रं करायला शिकवत होती. पण तिची शेजारीण ग्लेनिस पदक गळ्यात घालून बसली होती आणि हृदयाच्या गोळ्या तिने बंद केल्या होत्या. नऊ दिवसांत तिचे घोटे सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. दुखणं बाहेर पडतंय, असं डेस्मंडने तिला पटवलं होतं. एलुनेडला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता.

तिने नीट पाहिलं. पदक दरवेळी आधीच भरलेलं असे.

"मिस्टर फेअर्ली, रिकामं पदक आमच्यासमोर भरा की."

"रिकाम्या पदकात संशय शिरतो, बाई."

"शिरू दे. माझ्याकडे भरपूर आहे, उरलेला घरी नेईन."

लोक हसले. एलुनेडने हॉलच्याच कपाटातून बरणी काढली. ठसेकामाची पावडर, गरम केली की वितळून कागदावर उठावदार नक्षी करणारी, पण जाड दाण्यांची, साखरेसारखी. शुभेच्छापत्रावर बायका बारीक पावडर चिमूटभर टाकत आणि उरलेली झटकून टाकत, त्यामुळे जाड दाण्यांचा ढीग वितळताना त्यांच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. तिने घरून आणलेल्या रिकाम्या पदकाच्या तळाशी कागदी चित्र चिकटवलं, वर दाणे भरले, यंत्र धरलं. पांढरा ढीग पारदर्शक झाला आणि आतून जाडजूड कोंबडी बघू लागली.

"चित्र आधीपासून तळाशी असतं," ती म्हणाली. "हे प्लॅस्टिक आहे. थंड असताना झाकतं, वितळलं की दाखवतं. मीठ असेल तर पलीकडे स्वयंपाकघर आहे, कोरड्या तव्यावर टाकून बघू. तवा लाल होईल, पण मीठ वितळणार नाही."

डेस्मंडला अचानक दुसऱ्या गावी दिलेली वेळ आठवली आणि तो दाराकडे निघाला. चाळीस-चाळीस पौंड परत मागणाऱ्यांनी दार अडवलं, तेव्हा त्याला खिसा उलटा करावाच लागला.

ग्लेनिस मात्र जागची हलली नाही. "मला थोडं कळत होतं, एलुनेड," ती धापा टाकत म्हणाली. "पण त्याने दहा मिनिटं माझा हात धरला होता. दवाखान्यात कुणी मान वर करून बघत नाही."

एलुनेड तिच्याजवळ गेली. ती शेजारी बसली आणि तिने ग्लेनिसचा हात हातात घेतला.

"हात धरायला मी आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पण हृदयाला गोळीच लागते गं. चल, आत्ता डॉक्टरकडे जाऊ. आज त्यांना मान वर करायला मी लावते."