मशीन हालती ठेवा

"मशीन सुधरली तं सरचं बिघडलं म्हनते. आता मशीन बिघडवतो, मंग सरचं सुधरंल."

जागेश्वर पॉलिशरच्या पायाशी आडवा पडून पुटपुटत होता. मी हातभर अंतरावर पोत्यावर बसून थाळीत तांदूळ निवडत होते, म्हणून मला ऐकू आलं. मग पाना कुरकुरला. चौथा नट दोन आटे मागे आला.

आमची राइस मिल कामठ्याच्या रस्त्यावर आहे. माझं काम थाळीचं. पॉलिशरमधून निघालेला मूठभर तांदूळ घ्यायचा, अख्खा दाणा एका बाजूला, तुटका म्हणजे कनकी दुसऱ्या बाजूला, आणि कनकी किती ते मालकांना, म्हणजे भैयाजींना, सांगायचं. जागेश्वर बावीस वर्षांपासून इथला मिस्त्री. पेचकसाचं टोक बेअरिंगला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि मशीनची तब्येत सांगतो. वैद्यालाही इतकी खात्री नसेल.

चंद्रशेखर सर आले ते दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि सहा वर्षांपासून पीएचडी करत होते. त्यांनी पॉलिशरला साबणाच्या डबीएवढा एक डबा चिकटवला. आत एक पातळ पट्टी. मशीन हालली की पट्टी थरथरते, थरथरण्यातून चिमूटभर वीज होते, त्या विजेवर डबा बेअरिंगचा ताप मोजतो आणि तारेशिवाय ऑफिसातल्या लॅपटॉपवर पाठवतो. निरोप गेला की हिरवा दिवा लुकलुकतो. ना तार, ना सेल. मशीन बिघडायच्या आधी मालकाला खबर.

हे सगळं त्यांनी मला दोनदा समजावलं, कारण मी ऐकून घेत होते. मी फक्त एवढंच विचारलं, की लाइन गेली म्हणजे? लाइन गेली की मिल बंद. मिल बंद की हालणं बंद, हालणं बंद की डबा बंद. म्हणजे विजेशिवाय चालणारा डबा विजेवरच चालत होता, जरा लांबच्या रस्त्यानं. सर हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तो प्रश्न पुढे त्यांच्या कुठल्याशा पेपरात 'भविष्यातील आव्हानं' या मथळ्याखाली गेला म्हणे.

माणूस मात्र चांगला. जेवणाचा डबा आमच्यात बसून खायचे, हमालांना नावानं हाक मारायचे. माझ्या लेकीचा, खुशीचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनीच भरून दिला. घरी त्यांची बायको रंजिता दर सणाला विचारायची, की तुमच्या नावापुढे डॉक्टर लागेल का आपल्या पोराच्याच आधी लागेल. हेही त्यांनीच सांगितलं, भाजी चिवडत.

पोळ्याला मिल चार दिवस बंद होती. जागेश्वरनं पॉलिशर उघडला, बेअरिंग बदललं, पायाखाली रबर घातलं, चारही नट आवळले. मिल सुरू झाली तर मशीन अशी शांत, की मला शेजारच्या शेतातल्या बाया निंदताना बोलतात ते ऐकू यायला लागलं. थाळीत कनकी निम्म्यावर आली. जागेश्वर दिवसभर मिशीत हसत होता.

सोमवारी सर आले. दिवा लागेना. त्यांनी डबा उघडला, फुंकर मारली, पट्टी पुसली, कॉलेजातून दुसरा डबा आणला. तोही मेलेला. तासाभरानं त्यांनी तळहात मशीनवर ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला. मशीन हालतच नव्हती. मशीन बिघडल्याची खबर देणारा डबा जगायचा, तर मशीन बिघडलेली पाहिजे.

सरांनी जागेश्वरला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्याजवळ, कारण मिलमध्ये दुसरी बाजू नाही. नागपूरहून मार्गदर्शक मॅडम येणार आहेत, पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, एकच नट, थोडासा. आणि भैयाजींना इतक्यात नको सांगूया. जागेश्वरनं खूप वेळ हात पुसले. सहा वर्षं, असं सर म्हणाले, तेव्हा त्यानं पाना उचलला.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मॅडमना कधी सेमिनार, कधी परदेश, कधी सर्दी. दिवा झकास लुकलुकत होता. सरांचे आलेख सुरेख चढत होते. थाळीत कनकी पोळ्याआधीपेक्षाही दुप्पट झाली. मी आकडा सांगायची, भैयाजी म्हणायचे धानच कच्चा असेल.

खरं तर त्यांनाही दिसत होतं. ऑफिसातल्या टेबलावर चहाचा ग्लास ठेवला की तो आपला आपण काठाकडे चालायला लागायचा. भैयाजी तो उचलून मधोमध ठेवायचे आणि भिंतीकडे बघायचे. भिंतीवर त्यांचा आणि डब्याचा फोटो होता. आपल्या मिलमध्ये संशोधन चालतं, हे त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांत गोंदियापासून आमगावपर्यंत सांगून ठेवलं होतं. हमालांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. जागेश्वरनं शब्द दिला होता, आणि शिवाय आपल्या हातानं आपली मशीन ढिली केली हे कुठला मिस्त्री तोंडानं सांगेल? माझं म्हणाल तर मला खुशीचा फॉर्म आठवायचा.

मॅडम आल्या त्याच दिवशी दुपारी सरकारी गोदामातून आमच्या तांदळाचा ट्रक परत आला. लॉट नापास. कनकी जास्त.

भैयाजी कागद हातात घेऊन तसेच आत आले. मॅडम डब्यापाशी उभ्या, सर लॅपटॉप धरून. सगळ्यांसमोर भैयाजींनी जागेश्वरला विचारलं, बावीस वर्षांत मिलचं नाक कापलं नव्हतं, आज काऊन कापलं? जागेश्वरनं सरांकडे पाहिलंही नाही, आणि तेच मला लागलं.

"हात थकले तुहे," भैयाजी म्हणाले. "उद्यापासून येऊ नोको. दुसरा मिस्त्री पाहतो."

मॅडमनी चष्मा वर केला. इतकं कंपन नेहमीचंच का, असं त्यांनी सरांना विचारलं. मी थाळी मांडीवर ठेवली. मनात म्हटलं, बोला सर. एकच वाक्य आहे, आणि तुम्ही तर शंभर पानं लिहिलीत.

सरांनी घसा साफ केला.

"जुनी मशीन आहे, मॅडम. मेंटेनन्सचा प्रश्न दिसतो."

हिरवा दिवा लुकलुकला. जागेश्वरनं पाना माझ्या पोत्यावर ठेवला, खुंटीवरचा दुपट्टा काढला, झटकला आणि दाराकडे निघाला. बावीस वर्षं इथं घालवलेला माणूस, आणि दारापर्यंत जायला त्याला दहा पावलं लागणार होती. पाच झाली.

मी उठले. थाळीतली कनकी सांडली, सांडू दिली.

"मशीन जुनी नाही न् हातही थकले नाही, भैयाजी," मी म्हटलं. "चौथा नट ढिला हाये. सरनंच ढिला करवला, अन् तुम्ही-आम्ही सारे पाहून राहिलो. मशीन धड चालली का सरचा डबा मरते."