खालवर दोन दिवे

“अजून एक थर चढवा, राव. नदीपल्याडच्या माणसालाबी दिसाया पायजे.”

पाथरवटाचा तो आवाज अजून माझ्या दगडांत घुमतो. मित्रांनो, मी घोड नदीकाठची एक जुनी दीपमाळ आहे. दिवे ठेवायला माझ्या अंगावर दगडी हात आहेत. ते उजळायचे वर्षातून एकदाच, त्रिपुरी पौर्णिमेला. एरवी मी अंधारात उभी.

नव्वद सालानंतर धरणाचं पाणी चढू लागलं. आधी शेतं गेली, मग विहीर, मग चिंचेचा शेंडा. गाव वरच्या वसाहतीत गेलं, देवही गेले. मी टेकाडावर होते म्हणून राहिले. एका सकाळी पाहते, तर माझ्या पायाशी आभाळ उतरलेलं. डोंगर त्यात उलटे उभे होते, आणि त्यांच्यामध्ये मीही. कितीतरी वेळ मला माझंच भान नव्हतं.

वाटा बुडाल्या, तशी भिका नावाड्याची होडी सुरू झाली. पण सांजावलं की पाणी आणि काठ एक व्हायचे. म्हणून वसाहतीतली सारजाबाई रोज येऊन माझ्या हातावर दिवा ठेवू लागली. ठेवताना गुणगुणायची:

दिवा लाविते माळंला, उजेड पान्यावरी
पल्याडचा बंधू माझा, सुखी येऊ दे घरी

“मावशे, एकला दिवा चुलीवानी दिसतो,” भिका हसत म्हणाला. “कुनाच्याबी दारात जाऊन लागंल माझी होडी.”

तेव्हापासून ती खालवर दोन दिवे लावी. तशी खूण साऱ्या काठावर दुसरी नव्हती.

देवळाचे कारभारी हौशीराम मात्र चिडले. “दीपमाळ रोज पेटवत्यात व्हय? सारजाबाईची आपली रोजचीच पुनव.”

“पुनव असती, तर दिवा कशाला लागला असता, भावजी?”

वर्षं गेली. वर नवं देऊळ झालं, आणि दगड सुटे करून मला तिथे उभं करायचं ठरलं. तिथे मला रंग मिळाला असता, मान मिळाला असता. पण तिथून पाणी दिसत नव्हतं. मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे नुसती उचलून चांगल्या जागी ठेवायची नव्हे. ती कुणाला दिसत होती, हेही विचारावं लागतं.

पहारी आल्या. वाकलेली सारजाबाई तेलाची बुधली घेऊन माझ्या चौथऱ्यावर बसली.

पहिला घाव हौशीरामांनी घालायचा होता. ते जवळ आले. माझ्या अंगावर खालवर दोन काजळीचे डाग होते. त्यांनी त्यांवर बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते बोटाकडे बघत राहिले, मग पहार हळूच खाली ठेवली.

“वैनी,” ते म्हणाले, “तुमाला पुनव म्हनून हिनवलं ना, त्याच सांजंला भिकाची होडी धुक्यात चुकली व्हती. तिच्यात मी व्हतो. तुमचं दोन दिवं दिसलं, म्हनून घरी आलो. सांगाया तोंडच झालं न्हाई.”